पाहणाऱ्याकडे कोणी पाहत असेल तर?



इंजेक्शनच्या औषधाची काचेची इवलीशी कुपी तुम्ही दवाखान्यात पाहिली असेल. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी अशा प्रत्येक कुपीची तपासणी व्हावी लागते. आता पुष्कळ ठिकाणी हे काम यंत्रे करतात. तरी माणसाने डोळ्यांनी पाहून कुपी पास किंवा बाद करण्याची पद्धत अजूनही चालू आहे. तपासनीस प्रखर प्रकाशात कुपी हलकेच गोल फिरवतो. आधी ती काळ्या पार्श्वभूमीवर धरतो, मग पांढऱ्या. काळ्यावर काचेचा कण किंवा सुताचा तंतू चमकतो, पांढऱ्यावर काळसर कण उठून दिसतो. दोन्हीकडे मिळून दहा सेकंद, की लगेच पुढची कुपी. हे औषध रुग्णाच्या शरीरात थेट जाणार असते. म्हणून एक कण नजरेतून निसटणे ही लहान गोष्ट नव्हे.

घरी तांदळातले खडे निवडणे हेही याच जातीचे काम. कापडाच्या गिरणीत ताग्यातील दोष शोधणे, छापखान्यात मुद्रिते तपासणे, विमानतळावर सामानाची क्ष-किरण चित्रे पाहणे ही त्याचीच भावंडे होत. या सर्वांना आपण ‘दृश्य तपासणी’ म्हणू.

आता एक प्रश्न. तपासनिसाच्या पाठीमागे सुपरवायझर येऊन उभा राहिला, तर तपासणी सुधारेल की बिघडेल? बहुतेक जण चटकन म्हणतील, “सुधारेल! कोणी पाहत असले की माणूस नीट काम करतो.” काही जण म्हणतील, “छे! कोणी डोक्यावर उभे राहिले की हातपाय गळतात.” गंमत अशी की, प्रयोगांनी दोघांनाही थोडेथोडे खरे ठरविले आहे. कोणते उत्तर केव्हा खरे, ते आता पाहू.

कंटाळलेले डोळे

प्रथम हे समजून घ्या की, तपासणीतील चुका बहुधा डोळा अधू असल्यामुळे होत नाहीत. डोळा ठणठणीत असतो, पण लक्ष निसटते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातील रडारचालक समुद्रावरील पाणबुड्यांचा शोध घेत. तासन् तास पडद्याकडे पाहायचे आणि क्वचित उमटणारा एखादा ठिपका टिपायचा, असे ते काम. चांगले शिकलेले चालकही काही वेळाने ठिपके चुकवू लागत. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी हे कोडे प्रयोगशाळेत आणले. त्यांनी एक विलक्षण घड्याळ तयार केले. त्याच्या कोऱ्या तबकडीवर एकच काटा दर सेकंदाला एक उडी घेई. शंभर उड्यांत एक फेरा पुरा होई. मधूनच केव्हातरी काटा दुप्पट उडी घेई. ती दिसली की कळ दाबायची. बस्स, एवढेच काम, पण सलग दोन तास!

१९४८ साली मॅकवर्थ यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे ८५ टक्के दुप्पट उड्या पकडल्या गेल्या होत्या. त्यानंतर हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या खाली उतरले आणि खालीच राहिले. म्हणजे लक्षाची धार दोन तासांनी नव्हे, तर अर्ध्या तासातच बोथट झाली. पण याच मालिकेत मॅकवर्थ यांना आणखी एक गोष्ट आढळली. प्रयोगाच्या मध्यावर खोलीतील टेलिफोन वाजवून ‘उरलेल्या वेळात अधिक चांगले काम करा’ असा निरोप दिला, की उतरलेली कामगिरी काही काळ पुन्हा वर येई. डोळे तेच होते, घड्याळही तेच होते. कोणीतरी आपल्या कामाची दखल घेत आहे, एवढीच भर पडली होती.

साहेब केव्हाही येतील

अमेरिकेतील बर्गम आणि लेहर या संशोधकांनी १९६३ साली याहून थेट प्रयोग प्रसिद्ध केला. नॅशनल गार्ड या दलातील शिकाऊ जवानांना त्यांनी एकेकटे बंद खोलीत बसविले. समोर वर्तुळात वीस तांबडे दिवे होते. ते क्रमाने एकामागून एक लागत. मधूनच एखादा दिवा आपल्या पाळीला लागत नसे. तो न लागलेला दिवा ओळखून कळ दाबायची होती. काम १३५ मिनिटांचे होते.

काही जवानांना आधीच सांगितले होते, “मधूनमधून लेफ्टनंट कर्नल किंवा मास्टर सार्जंट तुमचे काम पाहायला येतील.” इतरांना असे काही सांगितले नव्हते. साहेब येणार असलेल्या गटाची अचूकता दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी अधिक भरली. अखेरच्या टप्प्यात तर फरक फारच वाढला. साहेबांची वाट पाहणाऱ्यांनी त्या टप्प्यातील २० टक्के चुकार दिवे सोडले, तर एकट्या पडलेल्यांनी तब्बल ६४ टक्के!

तेव्हा पहिल्या उत्तराची बाजू भक्कम झाली. काम सोपे, कंटाळवाणे आणि लांबलचक असेल, तर कोणी पाहणार आहे ही जाणीव माणसाला जागे ठेवते. पण येथेच थांबू नका. न लागलेला दिवा ओळखणे हे काम कंटाळवाणे असले, तरी अवघड नव्हते. अवघड काम असेल तर?

झुरळांची शर्यत

अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये पाहिले होते की, सायकलस्वार एकटा धावताना जेवढा वेग गाठतो, त्याहून अधिक वेग दुसऱ्या स्वाराबरोबर गाठतो. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ भराभर फिरवायला लावले, कधी एकट्याने, तर कधी जोडीने. त्यांच्या नोंदीप्रमाणे जोडीने फिरवताना २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांचा उलट घटला आणि १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही. पुढे ‘इतरांच्या सहवासाने काम सुधारते’ एवढाच भाग पुष्कळांच्या लक्षात राहिला. त्या गोंधळलेल्या दहा मुलांचे काय, हा प्रश्न मागे पडला.

त्याचे पटण्याजोगे उत्तर १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी सुचविले. ते म्हणाले, कोणी जवळ असले की प्राण्याच्या शरीरात एक प्रकारची उत्तेजना वाढते. या उत्तेजनेमुळे, जी क्रिया त्याच्या हातून सर्वांत सहज घडणार असते, तीच अधिक जोराने घडते. काम सोपे किंवा सरावाचे असेल, तर सहज घडणारी क्रिया बरोबरच असते. मग काम सुधारते. काम नवे किंवा अवघड असेल, तर सहज घडणारी क्रिया बहुधा चुकीची असते; मग काम बिघडते.

१९६९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी चक्क झुरळे घेतली! झुरळाला उजेड नकोसा वाटतो. दिवा लावला की ते अंधाऱ्या पेटीकडे धाव घेते. एका मांडणीत वाट सरळ होती, दुसऱ्या मांडणीत वळण घेऊन जाण्याचा साधा चक्रव्यूह होता. बाजूला पारदर्शक खोक्यांत ‘प्रेक्षक’ झुरळे बसविली. सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर झुरळे अधिक वेगाने धावली, चक्रव्यूहात मात्र एकट्याने लागला असता त्याहून जास्त वेळ लागला. झुरळाला अब्रूची चाड नसते, तरीही असे घडले.

माणसाला मात्र अब्रूची चाड असते. १९६८ साली कॉट्रेल व सहकाऱ्यांनी माणसांवर केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. असे प्रेक्षक नुसते हजर होते, पण त्यांना काही दिसत नव्हते. त्यांचा कामावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे माणसाच्या बाबतीत शेजारी कोणी असण्यापेक्षा ‘हा आपली पारख करीत आहे’ ही भावना मोठी ठरते.

आता हा तर्क तपासणीला लावून पाहा. शंभरांतील अठ्ठ्याण्णव कुप्या निर्दोष असतील, तर नवशिक्या तपासनिसाचा ‘सहज’ निर्णय कोणता होईल? ‘ठीक आहे, पुढे!’ हाच. कण ठळक असेल तर प्रश्न नाही. पण तो बुडबुडा आहे की काचेचा कण, असा पेच पडला, तर थांबून विचार करावा लागतो. अशा वेळी मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवत असेल, तर थांबणेच अवघड होते. गणिताच्या पेपरात पर्यवेक्षक तुमच्या बाकाशेजारी उभे राहिले की आकडेमोड का अडखळते, तेही यावरून उमगेल.

डोळा तोच, रेघ सरकली

येथे एक बारकावा आहे, आणि तोच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. तपासणी म्हणजे नुसते पाहणे नव्हे. तपासणी म्हणजे पाहणे अधिक ठरविणे. म्हणून तिच्यात दोन प्रकारच्या चुका होतात. दोष असून तो सुटला, ही पहिली चूक. तिला ‘निसटलेला दोष’ म्हणू. दोष नसताना वस्तू बाद केली, ही दुसरी चूक. तिला ‘नाहक बाद’ म्हणू.

समजा, १००० कुप्यांपैकी २० सदोष आहेत. एका तपासनिसाने एकट्याने काम करताना त्यांतील १६ पकडल्या आणि १० चांगल्या कुप्या नाहक बाद केल्या. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर शेजारी उभा राहिला. त्या दिवशी अशाच १००० कुप्यांतून त्याने १८ सदोष कुप्या पकडल्या, पण ६० चांगल्या कुप्या नाहक बाद केल्या. त्याची नजर तेज झाली काय? तसे म्हणता येणार नाही. प्रत्येकाच्या मनात एक रेघ असते: एवढा संशय आला की बाद. साहेबांसमोर एकही दोष सुटायला नको, या धाकाने त्याने ती रेघ खाली ओढली. आता थोड्याशा संशयावरही तो कुपी बाद करू लागला. साहजिकच सदोष कुप्या थोड्या अधिक सापडल्या, पण त्यांच्याबरोबर चांगल्याही फेकल्या गेल्या.

साहेबांना कुप्यांची संख्या भरून हवी असेल, तर हीच रेघ उलट दिशेने सरकते. मग नाहक बाद कमी होतात, पण कण असलेल्या कुप्या पास होऊन पुढे जातात. ही बाब अधिक धोक्याची आहे. एकूण काय, तर पाहणाऱ्याला काय हवे आहे, याचा अंदाज घेऊन तपासनिसाचा निर्णय झुकतो. म्हणूनच ‘देखरेखीमुळे दोष जास्त सापडले’ एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही प्रकारच्या चुका मोजल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

गुणवत्ता नियंत्रणातील विख्यात तज्ज्ञ जोसेफ ज्यूरान यांनी या झुकण्याचा एक नमुना दाखवून दिला आहे. समजा, एखाद्या दांड्याचा व्यास २५.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो. तपासनिसाच्या नोंदींचा आलेख काढला, तर कधीकधी विचित्र चित्र दिसते. २५.०५ पाशी नोंदींचा मोठा ढीग असतो, आणि २५.०६ ची जागा मात्र रिकामी! यंत्राने सीमारेषा पाहून दांडे केले नव्हते. काटा किंचित पलीकडे गेला, तेव्हा तपासनिसाने कच खाल्ली आणि आकडा अलीकडचा लिहिला. त्याला ना डोळ्यांनी दगा दिला, ना मोजपट्टीने. बाद केल्यावर होणाऱ्या कटकटीची भीती त्याला वाटत होती.

एक प्रसिद्ध गोष्ट आणि तिची फेरतपासणी

ज्यूरान १९२४ साली ज्या कारखान्यात नोकरीस लागले, तो शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना. तेथे टेलिफोनची सामग्री तयार होई. त्याच साली तेथे एक प्रयोगमालिका सुरू झाली: दिव्यांचा उजेड वाढविला तर काम वाढते काय? निवडलेल्या विभागांपैकी एक विभाग बारीक सुट्या भागांच्या तपासणीचाच होता. १९२७ पर्यंत हे प्रयोग चालले. उजेड आणि काम यांचा सरळ संबंध काही जुळेना. पुढे अशी कथा रूढ झाली की, उजेड वाढवा वा कमी करा, काम वाढतच गेले. कारण आपल्यावर प्रयोग होत आहे हे कामगारांना ठाऊक होते. पुढे याला ‘हॉथॉर्न परिणाम’ असे नाव पडले, आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

परंतु विज्ञानात कोणतीही गोष्ट कायमची पास होत नसते. स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांना उजेडाच्या प्रयोगांचे मूळ आकडे सापडले. २०११ साली त्यांनी ते नव्याने तपासून प्रसिद्ध केले. कथेत सांगितले जाते तसे ठळक चित्र त्या आकड्यांत मुळीच नव्हते. फार तर काही अंधूक खुणा होत्या. लोक पाहत असले की कामावर परिणाम होतो, हे इतर प्रयोगांवरून दिसतेच. पण या गाजलेल्या प्रयोगातून ते जसे सांगितले गेले, तसे सिद्ध होत नव्हते. तपासनिसांची तपासणी करणाऱ्यांनाही तपासावे लागते, ते असे!

दोन तपासनीस बसविले तर?

मग एकाऐवजी दोघांना बसवावे, म्हणजे एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडेल, असे तुम्ही म्हणाल. हिशेबाने ते बरोबर आहे. पण माणसे हिशेबाप्रमाणे वागतातच असे नाही. माक्सिमिलियाँ रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावले होते. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढू लागले, की प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या ताकदीच्या सुमारे निम्म्यावर येई. काही ताकद ओढण्याचा मेळ न बसल्याने वाया जात असेल, हे उघड आहे. पण १९७४ साली इंगहॅम व सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाला ‘तुझ्यामागे इतरही ओढत आहेत’ असे भासविले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता, तरी त्याने जोर कमी लावला.

तपासणीतही तीच भीती आहे. पहिला म्हणतो, ‘पुढे दुसरा आहेच.’ दुसरा म्हणतो, ‘पहिल्याने पाहिलेच आहे.’ यावर उपायही प्रयोगांतून मिळाला आहे. प्रत्येकाचे काम वेगळे ओळखता येत असेल, तर ही ढिलाई पुष्कळ कमी होते. म्हणून दुसऱ्याला पहिल्याचा निर्णय न दाखविता स्वतंत्रपणे तपासू द्यावे, आणि दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

माणसावर नव्हे, कामावर नजर

आणखी एक अडचण पाहा. दोष जितका दुर्मीळ, तितका तो निसटण्याचा संभव अधिक. जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी २००५ साली क्ष-किरण चित्रांसारख्या दिसणाऱ्या चित्रांत अवजार शोधण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या चित्रांत अवजार होते, तेव्हा ७ टक्के अवजारे नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात अवजार होते, तेव्हा ३० टक्के सुटली. शोधूनही काही सापडत नाही, असे वारंवार झाले की मन ‘नाही’ म्हणायला सोकावते.

म्हणून विमानतळांवरील काही क्ष-किरण यंत्रांत एक युक्ती केलेली असते. खऱ्या सामानाच्या चित्रात यंत्र मधूनच बंदुकीचे किंवा स्फोटकाचे खोटे चित्र मिसळते. तपासनिसाने ते ओळखले की यंत्र लगेच ‘ही चाचणी होती’ असे कळविते. चुकले तरी कळविते. मॅकवर्थ यांच्या घड्याळापुढे बसलेल्यांनाही दर वेळी ‘बरोबर’, ‘सुटले’ असे कळविले, तेव्हा त्यांची कामगिरी पूर्वीसारखी ढासळली नाही. ही सुद्धा देखरेखच आहे. पण येथे कोणी मानेवर उभे नाही. नजर कामावर आहे, आणि तिने टिपलेले प्रथम काम करणाऱ्यालाच कळते. जोडीला थोड्या थोड्या वेळाने विश्रांती आणि कामात पालट असेल, तर उत्तमच.

तुम्हीच करून पाहा

हा प्रयोग वर्गात करता येईल. जुन्या वर्तमानपत्राचे, सारख्याच आकाराच्या टाइपातले चार उतारे घ्या. दोन उताऱ्यांवर सोपे काम करा: प्रत्येक ‘ण’ वर काट मारा. उरलेल्या दोहोंवर अवघड काम करा: ज्या ‘त’ ला काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नाही आणि जो जोडाक्षरातही नाही, त्यावरच काट मारा. प्रत्येक उताऱ्याला दहा मिनिटे द्या. दोन्ही प्रकारांत एक उतारा एकट्याने करायचा आणि एक उतारा कोणीतरी शेजारी उभे राहून निमूटपणे पाहत असताना. निम्म्या मुलांनी आधी एकट्याने करावे, निम्म्यांनी आधी पाहणाऱ्यासमोर. असे केले नाही, तर सरावाने झालेली सुधारणा तुम्ही पाहणाऱ्याच्या नावावर जमा कराल!

मग प्रत्येक उताऱ्यात सुटलेली अक्षरे किती आणि नाहक काटलेली किती, हे वेगवेगळे मोजा. कागदावर नाव न लिहिता क्रमांक लिहा. प्रयोग कोणाची फजिती करण्यासाठी नाही. सोप्या कामाचे आकडे एका बाजूला आणि अवघड कामाचे दुसऱ्या बाजूला मांडून सरासरी काढा.

शिक्षकांनी एवढे करावे की, निष्कर्ष आधी सांगू नये. नाहीतर मुलांना काय अपेक्षित आहे ते कळेल, आणि कोणाच्या नकळत रेघ सरकेल. आकडे या लेखाशी जुळले नाहीत, तरी ते खोडू नका. वर्ग लहान असेल, तर योगायोगानेही फरक पडतो. शेजारच्या तुकडीत प्रयोग पुन्हा करा, दोन्ही तुकड्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि मगच आपले मत बनवा.